लष्करी अंमलाचे पंधरा महिने

लष्करी राजवट म्हटली की बीडच्या माणसाला इजिप्त आठवतो, नाहीतर पाकिस्तान. त्याच्या आजोबांनी मात्र पंधरा महिने एका मेजर जनरलच्या अंमलाखाली काढलेले असतात, आणि घरात ती गोष्ट ‘पोलिस ॲक्शन’ या दोन शब्दांत आटोपलेली असते.

१८ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानचे सेनापती अल इद्रूस यांनी भारतीय फौजेचे मेजर जनरल जयंतोनाथ चौधुरींपुढे शरणागती पत्करली. सोलापूरकडून नळदुर्गच्या वाटेने फौज घेऊन आलेला हा चाळिशीतला अधिकारी संस्थानचा लष्करी गव्हर्नर झाला. संस्थानातले बीडही त्याच्या हाताखाली आले.

संस्थानचा अधिपती निजाम गादीवर होताच. बाजारात संस्थानचा हाली रुपया चालत होता, महसुली दप्तर उर्दूत होते. बदल झाला तो मुळाशी. १९४९ मध्ये निजामाची खासगी सर्फेखास जमीन दिवाणीत, म्हणजे सरकारी महसुलात, गेली आणि त्याच वर्षी जहागिरीही रद्द झाल्या. जहागिरीच्या गावात सारा मागायला दारात येणारा माणूस सरकारचा नसे, जहागीरदाराचा असे. त्याची ये-जा थांबली, हा त्या गावांपुरता केवढा तरी फरक होता. कागदांनी मात्र पिच्छा सोडला नाही. इनाम जमिनीचा वाद निघाला की आजही वकिलाच्या टेबलावर घडीवर फाटलेला मुंतखब, म्हणजे इनामाचा जुना उर्दू दाखला, उलगडला जातो, आणि मग उर्दू वाचणारा म्हातारा शोधत फिरावे लागते.

या काळाचे नुसते गोडवे गाऊन चालणार नाही. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांच्या जुलमानंतर सुडाची लाट उठली आणि तीत कितीतरी निरपराध मुसलमान मारले गेले. त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल कित्येक दशके दडवून ठेवला गेला. त्यात बीडचेही नाव आहे. मराठवाडा मुक्तिदिनाच्या भाषणात ते सहसा ऐकू येत नाही.

१९४९ सरता सरता चौधुरींनी कारभार सोडला आणि वेल्लोडी हे सनदी अधिकारी मुख्यमंत्री झाले. चौधुरी पलटणीत परतले.

इजिप्तची गोष्ट इथेच वेगळी वाट धरते. तिथे १९५३ मध्ये अब्देल हकीम आमेर मेजरचा एकदम मेजर जनरल झाला आणि वर्षभरात संरक्षणमंत्री! मैत्री लष्करी उठावाचा म्होरक्या नासेरशी, मग आणखी काय हवे? १९६७ च्या इस्रायलकडून झालेल्या पराभवाने ती मैत्री आणि तो माणूस, दोन्ही संपले. पुढे फील्ड मार्शल तंतावी १९९१ पासून एकवीस वर्षे त्याच खात्यात ठाण मांडून बसले. २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष मोर्सींनी त्यांना हटवून लष्करी गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख सिसी यांना आणले. पुढच्याच जुलैत सिसींनी मोर्सींना पदच्युत केले. २०१४ च्या राज्यघटनेने तर लिहूनच ठेवले, की संरक्षणमंत्री हाच सरसेनापती आणि तो लष्करी अधिकाऱ्यांमधूनच नेमायचा.

भारतात संरक्षणमंत्री आणि लष्करप्रमुख ही दोन माणसे वेगळी राहिली. चीनच्या युद्धातल्या पराभवानंतर नोव्हेंबर १९६२ मध्ये चौधुरी लष्करप्रमुख झाले, आणि त्याच सुमारास संरक्षण खात्याची सूत्रे यशवंतराव चव्हाणांकडे आली. चव्हाण वकिली शिकलेले, स्वातंत्र्यलढ्यात भूमिगत राहिलेले. पलटणीचा अनुभव शून्य. १९६५ चे युद्ध या जोडीने लढवले. एकेकाळी अख्खे संस्थान चालवलेला जनरल तेव्हा एका कराडकर मंत्र्याला जाब देत होता. १९६६ मध्ये चौधुरी निवृत्त झाले आणि उच्चायुक्त म्हणून कॅनडाला गेले.