भूमिका आणि उत्तरदायित्व



२००१ साली अमेरिकेतील युटा राज्यात १७ सॉफ्टवेअर-तज्ज्ञांनी 'अजाइल' कार्यपद्धतीचा जाहीरनामा लिहिला. या पद्धतीचा 'स्क्रम' हा प्रकार विशेष रूढ आहे. त्यात काय करावयाचे आणि कोणते आधी, हे 'प्रॉडक्ट ओनर' ठरवतो. तो एकच माणूस असतो, समिती नव्हे. ते कसे करावयाचे, हे प्रत्यक्ष काम करणारे 'डेव्हलपर' ठरवतात. अडथळे दूर व्हावेत आणि पद्धत सर्वांना उमजावी, हे 'स्क्रम मास्टर' पाहतो.

मग यात साहेब कोण, असे आपण विचाराल. कोणीच नाही! पण सवय सुटत नाही. रोजची १५ मिनिटांची बैठक डेव्हलपरांनी आपले पुढचे काम आखण्यासाठी असते. तिथे स्क्रम मास्टर हजेरी घेऊ लागला, की माणसे अडचणी झाकू लागतात आणि झाकलेली अडचण अखेर ग्राहकाच्या पदरी पडते.

स्क्रमचे प्रवर्तक श्वेबर व सदरलँड यांनी २०२० साली आपल्या मार्गदर्शिकेत 'भूमिका' या शब्दाऐवजी 'उत्तरदायित्व' हा शब्द योजला, तो मला फार अर्थपूर्ण वाटतो. पडदा पडला की नटाची भूमिका संपते. उत्तरदायित्व त्यानंतरही उरते.