मंडईंतील वनस्पति आणि रक्तांतील कोलेस्टेरॉल

पुण्यांत १८८६ सालीं ‘रे मार्केट’ या नांवानें उघडलेली आणि पुढें महात्मा फुले यांच्या नांवानें ओळखली जाऊं लागलेली मंडई ही भाजीपाल्याची मोठी पेठ. पण गवार, भेंडी, वांगीं यांनीं पिशवी भरली, कीं गिऱ्हाईक जवळपासच्या काष्ठौषधींच्या दुकानाकडेहि वळतें. हल्लीं त्याच्या हातांत पुष्कळदां रक्त तपासल्याचा कागद असतो. कोलेस्टेरॉल वाढलें आहे. मग गुग्गुळ घ्यावा, अर्जुनसाल घ्यावी कीं लसूण? या प्रश्नास सरसकट ‘होय’ किंवा ‘नाहीं’ असें उत्तर नाहीं. प्रत्येक वनस्पतीची निराळी परीक्षा करावी लागते.

कोलेस्टेरॉल हें मुळांत शरीराचें शत्रु नव्हे. प्रत्येक पेशीच्या आवरणास तें लागतें, व त्याचा बराचसा भाग यकृत स्वतःच तयार करतें. म्हणूनच जन्मभर शाकाहार केलेल्या माणसाच्या रक्तांतहि तें वाढलेलें आढळतें. त्याचा जो अंश ‘एलडीएल’ नांवाच्या कणांतून वाहतो, तो अधिक झाल्यास रोहिण्यांच्या भिंतींत साठत जातो. आणि वर्षानुवर्षें कांहींहि न दुखतां एके दिवशीं हृदयविकाराचा झटका येतो.

गुग्गुळाची हकीकत या बाबतींत बोधप्रद आहे. सुश्रुतसंहितेंत मेदोरोगावर गुग्गुळ सांगितला आहे. त्या आधारें बनारस हिंदु विद्यापीठांत डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनीं सशांवर प्रयोग केले व १९६६ सालीं आपला प्रबंध सादर केला. सशांचें कोलेस्टेरॉल उतरलें. पुढें भारतांत रुग्णांवर झालेल्या चांचण्याहि अनुकूल ठरल्या, आणि गुग्गुळापासून केलेलें औषध बाजारांत आलें. परंतु २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील चांचणींत १०३ जणांची आठ आठवडे पाहणी झाली, तेव्हां गुग्गुळ घेणाऱ्यांचें एलडीएल उतरण्याऐवजीं किंचित् चढलें. कांहींच्या अंगावर पुरळहि उठलें. जुन्या ग्रंथानें वाट दाखविली हें खरें; पण वाट दिसणें म्हणजे मुक्काम गांठणें नव्हे. लसणीचीहि तीच गत. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या, सहा महिने चाललेल्या चांचणींत कच्च्या लसणीनें वा तिच्या गोळ्यांनीं एलडीएलमध्यें लक्षांत घेण्याजोगा फरक पडला नाहीं.

याउलट, पोट साफ होण्याकरितां घरोघर ठेवलें जाणारें सत इसबगोल या परीक्षेंत उतरलें आहे. त्यांतील चिकट तंतु आंतड्यांतील पित्ताम्लें धरून ठेवतात व मलावाटे बाहेर नेतात. नवीं पित्ताम्लें करण्यासाठीं यकृतास कोलेस्टेरॉल लागतें, आणि तें रक्तांतून ओढून घेतलें जातें. रोज सुमारें १० ग्रॅम सत भरपूर पाण्याबरोबर घेतल्यास एलडीएल साधारणतः शेंकडा पांच ते दहा उतरतें. जव, ओट व कडधान्यें यांतील तंतूंचें कार्यहि याच जातीचें. गवारीच्या बियांच्या डिंकांतहि हा गुण आढळला आहे. तूप व वनस्पति तूप यांचा हात आंखडून त्या जागीं करडईचें वा शेंगदाण्याचें तेल बेतानें वापरल्यास लाभ आणखी वाढतो. मात्र तेलाच्या डब्यावरील ‘कोलेस्टेरॉलरहित’ या शब्दास भुलूं नये. कोणत्याहि वनस्पतिजन्य तेलांत तें जवळजवळ नसतेंच.

ज्याचें कोलेस्टेरॉल थोडेंच वाढलें आहे, त्यास शेंकडा पांच-दहांची ही घट मोलाची आहे. परंतु ज्यास एकदां झटका येऊन गेला आहे, किंवा ज्याच्या कुळांतच हा दोष चालत आला आहे, त्यास ती पुरत नाहीं. अशा रुग्णांस दिल्या जाणाऱ्या स्टॅटिन वर्गांतील गोळ्यांनीं एलडीएल शेंकडा तीस ते पन्नास उतरतें. या वर्गांतील पहिलें द्रव्य जपानांत अकिरा एंडो यांना १९७० नंतरच्या दशकांत एका बुरशींत सांपडलें. तेव्हां निसर्ग एकीकडे व रसायन दुसरीकडे, हा वादच निरर्थक होय.

खरा धोका इसबगोल घेण्यांत नाहीं. कोणास न विचारतां गोळी बंद करून तिच्या जागीं काढा सुरू करण्यांत आहे. गोळी सोडल्यानें कांहीं दुखत नाहीं, म्हणूनच ती सोडणें सोपें वाटतें. शिवाय गुग्गुळासारखीं द्रव्यें इतर औषधांच्या कार्यांत ढवळाढवळ करूं शकतात. तीं घेत असल्यास डॉक्टरांपासून लपवूं नये. आहार बदलावा, दोन-तीन महिन्यांनीं रक्त पुन्हां तपासावें, आणि गोळी कमी करावयाची कीं नाहीं याचा निर्णय त्या आंकड्यावरून डॉक्टरांस करूं द्यावा. मंडईची पिशवी औषधास साह्य करील. औषधाची जागा मात्र तिनें घेऊं नये.