फिल्टर लागला आणि तक्रार थांबली



देहरंग धरण, पाताळगंगेचं पाणी, १८५२ची नगरपालिका, २०१६ची महापालिका हे सगळं तुम्हा पनवेलकरांना पाठ आहे, त्यात वेळ घालवत नाही. मला एकच सांगायचंय. घरोघरी फिल्टर लागला आणि या गावाची पाण्याबद्दलची तक्रार थांबली. (कुजबुज) थांबा, ऐकून तर घ्या!

पूर्वी नळाला गढूळ पाणी आलं की आळीतली चार माणसं कळशी घेऊनच नगरपालिकेत जायची. आता फिल्टरवाल्याला फोन जातो, तो कँडल बदलतो, विषय मिटतो. ज्याला परवडतं तो गप्प झाला. ज्याला परवडत नाही त्याचं पूर्वीही कोण ऐकत होतं?

कासाडी नदीचं तेच. २०१७च्या ऑगस्टमध्ये तळोजा एमआयडीसीतली कुत्री निळी झाली, आठवतंय? (हशा) एका कारखान्यातला रंग. फोटो जगभर फिरले. परदेशातल्या एका मित्राचा मला फोन, 'अरे, तुमच्याकडे निळी कुत्री मिळतात म्हणे!' म्हटलं, पाठवू का एक? तर प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखाना बंद केला, कुत्र्यांचा रंग धुतला गेला. पण खाडीवरचे कोळी कितीतरी आधीपासून मासळी मरतेय म्हणून सांगत होते. प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. नदी आपल्याला दिसली ती कुत्रं निळं झाल्यावर!

कारखानदार दोषी, कबूल. इथे टाळी येणार हे मला ठाऊकच होतं. पण पावसाळ्यात गाढेश्वरला कोण जातं? ते देहरंगचंच पाणी, आपल्याच नळाला येणारं. तिथे आपण गाड्या धुतो, बाटल्या फोडतो, पोलिसांना बंदीहुकूम काढावा लागतो. आणि घरी येऊन आरओचं बटण दाबतो.

आरओचं मुख्य काम क्षार काढायचं. माथेरानच्या पायथ्याला साठलेलं पावसाचं पाणी ते, त्यात क्षार असे किती असणार? लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत क्षार असतील तिथे आरओ नको, असं हरित लवादाने २०१९ साली सांगितलं. आपण बसवतो, वाया जाणारं पाणी मोरीत सोडतो, आणि मे महिन्यात टँकरची वाट बघतो.

आपली खरी भीती जंतूंची. पाणी ठरावीक वेळ येतं, मग पाइप रिकामा होतो, आणि फुटक्या जागेतून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढतो. तिथे उपयोगी पडतं क्लोरीन. ते आलंय का, हे ऑर्थोटोलिडीनचे, म्हणजे ओटीचे, दोन थेंब सांगतात: पाणी पिवळं झालं तर आहे. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम हवं. सोसायटीने रोज नळाचं पाणी तपासावं, फलकावर लिहावं, रंग आला नाही की महापालिकेत जावं. सगळ्यांनी मिळून.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं? घड्याळ पुढे आहे तुमचं. पाइपातून पाणी खेचणाऱ्या बूस्टर पंपांवर बोलायचं होतं, पण समोर बरेच पंपवाले बसलेत, राहू दे. (हशा)

मागून विचारतायत, तुमच्या घरी फिल्टर आहे का? आहे. काढून टाका असं मी कुठे म्हटलं? तक्रार करा म्हणतोय! बरं, आटोपतो. ओटीची बाटली आणलीय; बघायची असेल त्यांनी सभागृहाचे दिवे बंद व्हायच्या आत पुढे या.