कब्रस्तानातली बोर

(परभणी येथे तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)





विषय कळल्यावर तुमच्यापैकी दोघातिघांनी मला विचारले, "सर, झाडे लावा हे तर सगळेच सांगतात. त्यात नवीन काय?" प्रश्न रास्त आहे. आपल्या राज्यात १ जुलै २०१६ रोजी दोन कोटी झाडे लावण्याचा संकल्प झाला. त्यानंतरच्या तीन वर्षांत ४ कोटी, १३ कोटी आणि ३३ कोटी, म्हणजे ५० कोटींचे उद्दिष्ट ठेवले गेले. तेव्हा झाडे लावायला सांगणारे कमी नाहीत. मी आज तीनच गोष्टींबद्दल बोलणार आहे: कोणते झाड, कुठे, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात त्याला पाणी कोण घालणार.

निमित्तही तसेच आहे. शहरातल्या एका कब्रस्तानाच्या कमिटीने यंदाच्या पावसाळ्यात रोपे लावायचे काम तुमच्यावर सोपवले आहे. काहींचे म्हणणे आहे की आधी जेसीबी लावून सगळी जागा साफ करावी, पेव्हर ब्लॉक टाकावेत आणि कडेने शोभेची पाम लावावी. हे काम एका दिवसात होईल, फोटोही छान येतील. माझे म्हणणे असे आहे की जेसीबी बोलावण्याआधी त्या जागेत आज काय उभे आहे ते एकदा नीट पाहावे.

परभणी आणि शेजारचा लातूर हे राज्यात सर्वात कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांपैकी आहेत. जिंतूरकडच्या डोंगराळ भागात थोडे रान आहे. बाकी जिल्हा म्हणजे काळी माती, आणि काळ्या मातीवर सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा. इंच न इंच जमीन नांगराखाली आहे. मग न नांगरलेली जमीन उरली कुठे? शेताच्या बांधावर, ओढ्या-नाल्याच्या काठाला, गायरानात, देवस्थानाच्या आवारात, दर्ग्याच्या मागे आणि कब्रस्तानात. कित्येक गावांत कब्रस्तान शंभर-दीडशे वर्षे जुने असते. तिथे नांगर फिरला नाही, तणनाशक मारले गेले नाही. म्हणून बांधावरून गेलेली झुडपे आणि गवते तिथे अजून सापडतात. बोर, बाभूळ, हिवर, कडुलिंब, करंज, तरवड, रुई, गुळवेल. आपण याला झाडोरा म्हणतो आणि साफ करतो. वनस्पतिशास्त्राच्या माणसाला मात्र ती त्या भागातली शेवटची बियाणे-पेढी वाटते. मराठवाड्यातल्या वनस्पतींची नोंद करण्यात प्रा. व्ही. एन. नाईक यांनी आयुष्य घातले. त्यांचा 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' हा ग्रंथ १९९८ मध्ये आला. त्यात नोंदवलेल्या वनस्पतींपैकी किती आपल्या गावात उरल्या आहेत हे पाहायचे असेल तर कब्रस्तानापासून सुरुवात करा.

हे फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. हंगेरीच्या संशोधकांनी काही वर्षांपूर्वी तुर्कस्तानातली शेकडो कब्रस्ताने पायी फिरून पाहिली. तिथे रानटी ऑर्किडचे कंद 'सालेप' नावाच्या पेयासाठी रानातून उपटून नेतात, त्यामुळे ती झाडे दुर्मीळ होत चालली आहेत. कब्रस्तानांत मात्र ती टिकून होती, कारण तिथे सहसा कोणी कुदळ घेऊन जात नाही. अमेरिकेच्या मध्य भागात मूळचे गवताळ रान बहुतेक सगळे शेतीखाली गेले. त्याचे काही तुकडे जुन्या दफनभूमींतच शिल्लक आहेत. मेलेल्यांचा आदर केल्यामुळे जिवंत गोष्टी वाचल्या.

आता एका अडचणीच्या शब्दाबद्दल बोलतो. 'देशी झाडे' म्हटले की तुमच्यातले काही जण थोडे अवघडतात, हे मला दिसते. देशी कोण, परदेशी कोण, बाहेरून आलेले कोण, ही भाषा आपल्याला माणसांच्या बाबतीत वारंवार ऐकावी लागते. म्हणून स्पष्ट सांगतो: माणसांच्या बाबतीत ही मोजपट्टी लावणे चूक आहे, आणि झाडांच्या बाबतीतही तिचा अर्थ वेगळा आहे. झाडाचे देशीपण म्हणजे त्याचे इथल्या किड्यांशी, पाखरांशी, मातीशी जुळलेले नाते. रुईच्या पानावर एक ठरावीक फुलपाखरू अंडी घालते, कारण त्याच्या अळीला रुईच्या कुळातलाच पाला चालतो. लिंबू फुलपाखराला बेल किंवा कढीपत्ता लागतो. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. तो दिसायला सुंदर आहे, त्याला तोडा असे मी म्हणणार नाही, पण इथल्या अळ्यांच्या पोटाला त्याचा फारसा उपयोग नाही आणि वादळात तो लवकर मोडतो.

उलट चिंच बघा. तिचे मूळ आफ्रिकेत सांगतात. अरबांनी तिला 'तम्र हिंदी', म्हणजे हिंदुस्थानचा खजूर म्हटले, आणि त्यावरूनच तिचे शास्त्रीय नाव पडले. आज चिंचेशिवाय मराठवाड्याच्या गावाची कल्पना करता येईल का? सीताफळ अमेरिकेतून आले आणि बालाघाटच्या डोंगरांत असे रुजले की त्याला परके म्हणणे हास्यास्पद ठरेल. अडचण बाहेरून आलेल्याची नसते. जे दुसऱ्या कोणाला जगू देत नाही, त्याची असते. १९५० च्या दशकात पुण्याकडे पहिल्यांदा नोंदले गेलेले गाजरगवत आणि ओढ्याकाठी माजलेली वेडी बाभूळ यांच्याखाली दुसरे काही उगवत नाही. कब्रस्तानात साफसफाई करायची असेल तर ती यांची करा. गाजरगवत फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटा.

आता दीनच्या बाजूने बघू. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे की मुस्लिमाने लावलेल्या झाडाचे किंवा पिकाचे जे काही माणूस, पाखरू किंवा जनावर खाते, तो लावणाऱ्यासाठी सदका ठरतो. यात पाखराचे नाव वेगळे घेतले आहे, याकडे लक्ष द्या. म्हणजे ज्या झाडावर पाखरू फिरकत नाही त्या झाडाने सदक्याचा एक हिस्सा गमावला. कयामत येऊन ठेपली आणि हातात रोप असेल तरी ते लावून टाका, ही शिकवण तुम्हाला पाठ आहे. मदिनेच्या परिसरातली झाडे तोडायला प्रेषितांनी (स.) मनाई केली होती, आणि हजरत अबू बकर (रजि.) यांनी लष्कराला निरोप देताना फळझाडे तोडू नका अशी ताकीद दिली होती. 'हिमा' म्हणून चराईची राने राखून ठेवण्याची रीतही इस्लामी परंपरेत आहे. आपल्या गावांतली देवराई तीच गोष्ट वेगळ्या श्रद्धेतून करते.

आणि बोर! मय्यतच्या गुसलसाठी पाण्यात बोरीचा पाला घालतात. हदीसमध्ये 'सिद्र' म्हटले आहे, ते बोरीच्याच कुळातले झाड. आपल्या आजीला माहीत होते की घरात मौत झाली तर पाला कोणत्या बोरीचा आणायचा. आज शहरात ऐन वेळी मुलांना मोटारसायकलवर पाला शोधत फिरावे लागते, कारण बोर काटेरी म्हणून आपणच ती तोडली. आपल्या शेवटच्या आंघोळीचे झाड आपल्या कब्रस्तानात असू नये, हे मला पटत नाही. ही बोर काळ्या मातीत टिकते, उन्हाळ्यात पाण्यावाचून तगते, तिच्या फुलावर मधमाशा येतात, फळावर बुलबुल आणि पोरे दोघेही तुटून पडतात.

काळी माती कशी वागते हे शेतकऱ्यांच्या मुलांना सांगायला नको. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि भेग पडली की नाजूक मुळे तुटतात. बाभूळ, हिवर, पळस, कडुलिंब या मातीत हजारो वर्षे वाढलेत, त्यांची मुळे खोल जातात. शोभेच्या पामला मात्र वर्षानुवर्षे टँकर घालावा लागेल. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपल्या शेजारचे उदाहरण आहे. पुन्हा तसे वर्ष आले तर लोक पामला पाणी घालतील की घरी नेतील?

शेजारच्या बीडमध्ये काय झाले तेही सांगतो. बीडजवळ पालवणच्या ओसाड टेकडीवर अभिनेते सयाजी शिंदे यांच्या सह्याद्री देवराई संस्थेने वन विभाग आणि गावकऱ्यांना सोबत घेऊन देशी झाडे लावली. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथे वृक्ष संमेलन भरले आणि त्याचे अध्यक्षपद एका वडाला दिले! नाशिकचे मोहम्मद दिलावर यांनी घरचिमणीसाठी काम सुरू केले आणि २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस म्हणून पाळला जाऊ लागला. दोघांच्याही कामाची सुरुवात आपल्या आसपासच्या साध्या गोष्टीपासून झाली.

मग आपण काय करायचे? मोजकीच कामे सांगतो.

पहिले, नोंद. दोन रविवार द्या. कब्रस्तानातले प्रत्येक झाड मोजा, नाव लिहा, फोटो काढा. नाव कळत नसेल तर वडीलधाऱ्यांना विचारा. अजून अडले तर शहरात कृषी विद्यापीठ आहे, महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्राचे विभाग आहेत. टिटवी जमिनीवर उघड्यावरच अंडी घालते, ती जागाही टिपून ठेवा.

दुसरे, जाळणे बंद. शब-ए-बरातच्या आधी आपण वाळले गवत पेटवून देतो. त्यात बी जळते, अंडी जळतात, कोवळी झाडे होरपळतात. सापाची भीती खरी आहे, ती मी हसण्यावारी नेत नाही. म्हणून वाटा आणि वापरातला भाग विळ्याने कापून मोकळा ठेवा. एक-दोन कोपरे मात्र तसेच राहू द्या. कापलेले गवत कोणाच्या तरी शेळ्यांना जाईल.

तिसरे, रोपे विकत आणण्याआधी बी गोळा करा. हे काम घरातल्या माता-भगिनी आपल्यापेक्षा चांगले करतील, आणि रोपवाटिका तर अंगणातही होते. पळसाच्या शेंगा उन्हाळ्याच्या शेवटी गळतात. निंबोळी जून-जुलैत पडते, आणि तिची उगवणशक्ती काही आठवड्यांतच जाते, म्हणून ताजीच पेरायची. बाभळीच्या बियांचे कवच कठीण असते. शेळीच्या पोटातून गेलेली बी लवकर उगवते, नाहीतर गरम पाण्यात भिजवावी. खड्डे उन्हाळ्यातच खोदून तापू द्या. लोखंडी जाळीला पैसे नसतील तर बोरी-बाभळीच्या फांद्यांचे कुंपण करा, आपले आजोबा तेच करायचे.

चौथे, पाणी. एका माणसाच्या वजूला नळ सोडून दोन लिटर लागले असे धरा. शंभर नमाजी असतील तर एका नमाजला दोनशे लिटर पाणी गटारात जाते. प्रेषित (स.) सुमारे पाऊण लिटर पाण्यात वजू करत, हेही ध्यानात ठेवा. जे पाणी वापरले जाते ते एका टाकीत साठवून झाडांना द्या. प्रत्येक झाडामागे दोन मुलांची नावे लिहा आणि ती तीन उन्हाळे बदलू नका.

पाचवे, हक्क. जैविक विविधता कायदा २००२ चा आहे. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि महापालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी, आणि तिने लोकांना सोबत घेऊन लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. तुमच्या गावात जा आणि नोंदवही दाखवा म्हणा. त्यात कब्रस्तानाचा, दर्ग्याचा उल्लेख आहे का ते पाहा. नसेल तर तुमची यादी द्या. समितीत जागा असेल तर नाव सुचवा, मुलींची आधी. शहरी भागात परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, हा कायदा १९७५ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून जास्त संरक्षण मिळाले आहे. कब्रस्तानातले जुने कडुलिंब त्यात बसू शकतात.

शेवटी एक गोष्ट. दरवर्षी २ फेब्रुवारीपासून आपल्या शहरात हजरत तुराबुल हक यांच्या उर्साला सर्व जातिधर्मांचे लोक येतात. उर्साबद्दल तुमची मते काहीही असोत, पण त्या गर्दीत बोरीची, करंजाची, कडुलिंबाची रोपे वाटायला कोणाची हरकत असेल? ज्याच्या बांधावर ते झाड उभे राहील तो कोणत्या धर्माचा आहे हे पाखरू विचारणार नाही, आणि आपणही विचारू नये.

कमिटीच्या वडीलधाऱ्यांना जाऊन भेटा, अदबीने बोला. सांगा की आम्ही वाटा स्वच्छ ठेवू, गाजरगवत काढू, पण आधी यादी करू द्या. जेसीबी नंतरही बोलावता येईल. एकदा उखडलेली पन्नास वर्षांची बोर मात्र परत लावता येत नाही. मे महिन्यात जनाजा घेऊन जाताना तिची सावली किती मोलाची असते, हे खांदा दिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

येत्या रविवारी फज्रनंतर वही-पेन घेऊन या. मी तिथे असेन. अल्लाह आपल्याला या कामाची तौफीक देवो. आमीन.