थंडीचे दिवस आणि कॉन्टॅक्ट लेन्स
(हिवाळ्यातील नेत्ररक्षण या विषयावरील भाषणाचा मजकूर)



हिवाळा लागला की चष्मा वापरणाऱ्यांची एक अडचण सर्वांच्याच परिचयाची असते. बाहेरच्या गारठ्यातून घरात पाऊल टाकावे किंवा चहाचा पेला तोंडाला लावावा, तोच काचांवर वाफ धरते आणि समोरचे दिसेनासे होते. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यास हा त्रास नसतो. परंतु त्याची तक्रार निराळी असते. सकाळी सुखकर वाटणारी लेन्स दुपारनंतर टोचू लागते, डोळे चुरचुरतात आणि संध्याकाळी लाल दिसू लागतात. ग्वाल्हेरसारख्या ठिकाणी जानेवारीच्या रात्री पारा ६-७ अंशांपर्यंत, कधी त्याच्याही खाली उतरतो. तेथे या त्रासाचा सारा दोष साहजिकच थंडीच्या माथी मारला जातो. लेन्स डोळ्यातच गोठून बसेल, अशी भीतीही काहीजण बोलून दाखवतात.

ही भीती निराधार आहे. डोळ्याचा पृष्ठभाग शरीराच्या उष्णतेने आणि पापण्यांच्या पांघरुणाने सदैव उबदार राहतो, आणि अश्रू खारट असतात. तेथे लेन्स गोठण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. त्रासाचे खरे कारण थंडी नसून कोरडेपणा हे आहे.

डोळ्याच्या अग्रभागी असलेल्या पारदर्शक पडद्यास स्वच्छमंडल म्हणतात. त्यात रक्तवाहिन्या नसतात. प्राणवायू त्यास मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या पातळ थरामार्फत मिळतो. या थरात तळाशी श्लेष्मल द्रव्य, मध्ये पाणी आणि वर तेलाचा अतिसूक्ष्म लेप असतो. पापण्यांच्या कडांतील ग्रंथींतून येणारे हे तेल पाणी उडून जाऊ देत नाही. लेन्स याच थरावर तरंगत असते. प्रागचे रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टरले यांनी १९६१ च्या अखेरीस मुलांच्या खेळण्यातील सुटे भाग जोडून घरच्या घरी यंत्र उभारले आणि त्यावर मऊ लेन्स तयार केल्या. त्या लेन्सच्या द्रव्यात सुमारे ३८ टक्के पाणी होते. मऊ लेन्स मऊ राहते ती या पाण्यामुळेच. ते कमी झाले की लेन्स आवळते, तिची कड जाणवू लागते आणि दृष्टी धूसर होते.

बाहेर दाट धुके असताना डोळे कोरडे का पडावेत, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर खोलीच्या आत आहे. ७ अंशांची हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असली, तरी एक घनमीटर हवेत सुमारे ८ ग्रॅमच बाष्प मावते. तीच हवा खोलीत येऊन हीटरने २५ अंशांपर्यंत तापली, की तिला सुमारे २३ ग्रॅम बाष्प सामावून घेता येते. जवळ असते मात्र पूर्वीचे ८ ग्रॅमच. अशी हवा जेथून मिळेल तेथून ओलावा शोषू लागते. दोरीवरचे कपडे, ओठ, हातापायांची कातडी यांबरोबरच डोळ्यांतील अश्रूंवरही तिचा डल्ला पडतो. त्यातच वाचताना किंवा संगणकाच्या पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप निम्म्याहूनही कमी होते, आणि अश्रूंचा थर वेळेवर नवा होत नाही.

उपाय याच कारणमीमांसेतून निघतात. हीटरचा झोत तोंडावर घेऊ नये. मोटारीतील उष्ण हवाही पायांकडे वळवावी. खोलीत पाण्याचे पसरट भांडे ठेवावे. कोळशाची शेगडी बंद खोलीत मुळीच ठेवू नये. तिचा धूर डोळ्यांस झोंबतो आणि तिच्यातून निघणारा विषारी वायू प्राणघातक असतो. स्कूटरवर गार वारा लागला की डोळ्यांतून आपोआप पाणी वाहते. त्या पाण्याने लेन्स सरकते, क्वचित बाहेरही पडते. यास्तव शिरस्त्राणाची काच खाली ओढावी किंवा बाजूंनी झाकलेला साधा चष्मा लावावा. काम करताना अधूनमधून पापण्या पूर्ण मिटून उघडाव्यात. कोरडेपणा जाणवल्यास लेन्सवर वापरण्यास योग्य असे छापलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब घालावेत. सर्दीच्या काही गोळ्यांनीही डोळे कोरडे पडतात. सर्दी-तापाच्या दिवसांत चष्माच बरा.

हिवाळ्यात हातास कोल्ड क्रीम, व्हॅसलीन किंवा खोबरेल लावण्याची रीत आहे. तेच बोट लेन्सला लागले की तिच्यावर तेलाचा थर बसतो. यास्तव प्रथम साबणाने हात धुवावेत, धागे न सुटणाऱ्या स्वच्छ कापडाने कोरडे करावेत, मग लेन्स बसवावी, आणि क्रीम व काजळ त्यानंतर लावावे. शालीच्या पदरास हात पुसून लेन्स उचलली, तर लोकरीचा एक तंतूही दिवसभर सलत राहतो.

येथवर प्रश्न केवळ सुखाचा होता. यापुढचा प्रश्न दृष्टीचा आहे. हिवाळ्याच्या रात्री दुलईत शिरलेल्या माणसास पुन्हा उठून गार पाण्याने हात धुणे जिवावर येते. एका रात्रीने काय होते, असे म्हणून लेन्स डोळ्यातच राहते. मिटलेल्या पापणीखाली स्वच्छमंडलाचा प्राणवायू आधीच घटलेला असतो. त्यावर लेन्सचे झाकण राहिले, की जंतुसंसर्गाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. यावर उपाय साधा आहे. जेवणानंतर, हात गरम पाण्याने धुतलेले असतानाच लेन्स काढून ठेवावी, आणि झोपेपर्यंत चष्मा वापरावा.

दुसरी चूक पाण्याची. कोरडी झालेली लेन्स नळाच्या पाण्याने किंवा थुंकीने ओली करणे हा शुद्ध अविचार होय. नळाच्या, टाकीच्या किंवा विहिरीच्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. बंबातील ऊन पाणीही निर्जंतुक नसते. या जीवाने स्वच्छमंडलात शिरकाव केल्यास उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि प्रसंगी दृष्टीही गमवावी लागते. स्नानापूर्वी लेन्स काढावी. ती धुण्यास व ठेवण्यास तिचे स्वतंत्र द्रावणच वापरावे. डबीतील जुन्या द्रावणात नवे न मिसळता ते रोज बदलावे, आणि डबी दर तीन महिन्यांनी नवी घ्यावी.

डोळा दुखणे, लाली न ओसरणे, प्रकाश सहन न होणे, नजर अंधुक होणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास लेन्स तत्काळ काढावी आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांस डोळा दाखवावा. जाताना लेन्स व डबी बरोबर न्यावी, कारण तपासणीस त्यांचा उपयोग होतो. दुकानातून परस्पर आणलेले थेंब घालून वाट पाहू नये. त्यांत स्टेरॉइड असल्यास लाली ओसरते, पण रोग आत वाढत राहतो.

थंडी ही लेन्सची वैरीण नव्हे. ऋतुमानाप्रमाणे माणूस पांघरूण बदलतो, आहार बदलतो. तद्वतच लेन्सची दिनचर्याही थोडी बदलावी, दिवसाचे काही तास तरी डोळ्यांस मोकळीक द्यावी, आणि रात्रीचा आळस डोळ्यांच्या वाट्यास येऊ देऊ नये. एवढे पथ्य पाळणाऱ्यास हिवाळा सुखाचा जाईल.