पुरातत्त्वाची पदव्युत्तर पदवी : विचारपूर्वक निवड करा



पदवी परीक्षेचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न निघतो : आता पुढे काय? बी.एड., वकिली, संगणक किंवा आखातातील नोकरी, एवढ्यावर बहुधा विचार थांबतो. एखाद्या मुलाने वा मुलीने "मला पुरातत्त्व शिकायचे आहे" असे म्हटले, तर वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. "जुनी मडकी उकरून पोट भरते काय?" हा त्यांचा सवाल उडवून लावण्यासारखा नाही. त्याचे सरळ उत्तर द्यावे, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम हे शास्त्र म्हणजे काय ते पाहू. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. त्याचा अहवाल डॉ. ढवळीकर, डॉ. सांकलिया व डॉ. अन्सारी यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० पर्यंत तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. ते जव पिकवीत, नदीचे पाणी चारी खणून वळवीत, आणि दगावलेली लहान मुले मडक्यांत ठेवून घरातल्या जमिनीखालीच पुरीत. हे कोणत्याही पोथीत लिहिलेले नव्हते. जळालेले दाणे वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराने ओळखले, जनावरांची हाडे प्राणिशास्त्राच्या. कोळशावरून काळ ठरविला तो भौतिकशास्त्राच्या साहाय्याने.

यातून पहिला बोध असा, की हा विषय केवळ इतिहासाच्या विद्यार्थ्यांची मिरास नाही. तुम्ही भूगर्भशास्त्र, रसायन किंवा वनस्पतिशास्त्र घेऊन पदवीधर झाला असाल, तर ते शिक्षण वाया जात नाही. उलट तीच तुमची पुंजी ठरते. भाषेचेही तसेच आहे. आपल्या घरांतील पुष्कळ मुले अरबी अक्षरे लहानपणीच गिरवितात, उर्दू वाचतात. त्यावर अरबी-फारसीचा पक्का अभ्यास केला, तर शिलालेख वाचण्याचे दार उघडते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा नागपूरला आहे. डॉ. झियाउद्दीन देसाई यांनी तेथे राहून या लेखांच्या वाचनात आयुष्य वेचले. दाभोळ आणि चौल ही एके काळची मोठी बंदरे आपल्याच किनाऱ्यावर आहेत. त्यांचा इतिहास या भाषांवाचून पुरता उलगडत नाही.

आता प्रवेशाविषयी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९३९ पासून सांकलियांनी या विषयाची परंपरा घातली. तेथे पुरातत्त्वाची एम.ए. पदवी मिळते. एम.ए. नंतर केंद्र सरकारच्या पुरातत्त्व संस्थेचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रमही आहे. परंतु कोणत्याही संस्थेत अर्ज भरण्यापूर्वी काही चौकशी अवश्य करा. तो विभाग स्वतः उत्खनन करतो काय? विद्यार्थ्याला वर्षातून किती दिवस प्रत्यक्ष जागेवर नेतात? हाडे, बी-बियाणे, खापरे तपासण्याची प्रयोगशाळा आहे काय? मुलींच्या राहण्याची सोय कशी? मागील तुकड्यांतील विद्यार्थी आज काय करीत आहेत? नुसत्या पुस्तकांवर मिळालेली पदवी या विषयात फारशी कामाला येत नाही.

आणि पोटाचे काय? स्पष्टच सांगतो. जागा थोड्या आहेत आणि त्यांसाठी स्पर्धा परीक्षा आहेत. केंद्र व राज्य शासनाचे पुरातत्त्व विभाग, वस्तुसंग्रहालये, महाविद्यालयीन अध्यापन, हे मुख्य मार्ग. अध्यापनासाठी नेट द्यावी लागते, पुढे पीएच.डी. करावी लागते. पहिल्या पगाराला उशीर लागतो, हे घरच्यांशी आधीच बोलून घ्या. उन्हात बसून इंच इंच माती खरवडण्याची चिकाटी नसेल, तर या वाटेला जाऊ नका. चिकाटी असेल, तर केवळ भीतीपोटी मागेही फिरू नका.

शेवटी आपल्या जिल्ह्याकडे पाहा. उक्षी, जांभरूण, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे येथील सड्यांवर कातळशिल्पे पसरली आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. या शिल्पांत गेंडाही आढळतो, जो आज कोकणात कोठेच नाही. २०२२ मध्ये ही शिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. ती उजेडात आणण्यात रत्नागिरीच्या निसर्गयात्री संस्थेचा मोठा वाटा आहे. परंतु याच सड्यांवर चिरेखाणी चालतात, रस्ते होतात, कलमबागांसाठी कातळ फोडला जातो. एकदा चिरा निघाला की त्यावरची रेघ कोणत्याही विद्वानाला परत आणता येत नाही. सडा ज्याच्या पायाखालचा आहे, गावातल्या माणसाशी जो त्याच्याच बोलीत बोलू शकतो, असा शिकलेला जाणकार येथे हवा आहे.

पालकांनो, प्रत्येक मुलाला या वाटेने धाडा असे मी म्हणत नाही. शंभरांतला एखादाच यासाठी घडलेला असतो. तो तुमच्या घरात निघाला, तर त्याला हसू नका. दोन वर्षांचा खर्च आणि थोडा धीर, एवढे त्याच्या पदरात घाला. आणि विद्यार्थी मित्रहो, अर्ज भरण्याआधी एका रविवारी उक्षीला जाऊन या. कातळावर कोरलेला हत्ती डोळे भरून पाहा. मग स्वतःलाच विचारा, की हे कोणी, केव्हा आणि कशासाठी कोरले, या प्रश्नामागे दहा वर्षे घालविण्याची आपली तयारी आहे काय? तयारी असेल, तर बेलाशक अर्ज भरा.