ओळख कागदाची की माणसाची?

(मतदार जागृतीच्या एका मेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)



मतदान केंद्रात आपली पहिली गाठ पडते ती पहिल्या मतदान अधिकाऱ्याशी. यादीत नाव शोधणे, ते मोठ्याने वाचणे आणि ओळख पटवणे हे त्याचे काम. बहुधा तो एखाद्या शाळेतला शिक्षक असतो. त्या दिवशी मात्र तो प्रजासत्ताकाचा द्वारपाल असतो.

द्वारपालाच्या हातून दोन चुका संभवतात. तोतयाला आत सोडणे ही पहिली, खऱ्या मतदाराला परत धाडणे ही दुसरी. पहिलीविषयी आपण पुष्कळ बोलतो. दुसरीही तितकीच घातक आहे.

शेषन यांच्या कारकिर्दीत, 1993 साली, छायाचित्र ओळखपत्राची योजना आली. ते जवळ नसल्यास आधार, पारपत्र, वाहन परवाना, छायाचित्रासह पासबुक असे आयोगाने ठरवलेले पर्याय आहेत. मतदार चिठ्ठी मात्र 2019 पासून ओळखीचा पुरावा मानली जात नाही. ओळख पटत असेल तर किरकोळ लेखनदोष सोडून द्यावेत, अशी आयोगाची सूचना आहे. ‘कुलकर्णी’चे ‘कुळकर्णी’ झाले म्हणून आजीबाईंना उन्हातून परत पाठवायचे नसते. छायाचित्रच जुळत नसेल, तर दुसरा कागद मागावा. चेहरा झाकलेल्या भगिनीची ओळख महिला कर्मचाऱ्याने, आडोशाला, सन्मानपूर्वक पटवावी. गैरहजर, स्थलांतरित आणि मृत मतदारांच्या यादीतील नावावर कोणी आले, तर तपासणी कठोर हवी. तेथे स्वाक्षरीसोबत अंगठ्याचा ठसाही घेतला जातो.

येथे मतदान प्रतिनिधी म्हणून बसणारे कार्यकर्ते आहेत. शंका आली तर आरडाओरडा करू नका. दोन रुपये भरून केंद्राध्यक्षांकडे आक्षेप नोंदवा. ते तेथेच चौकशी करतात. तोतयेगिरी सिद्ध झाली तर पोलीस. आक्षेप उथळ ठरला तर रक्कम जप्त. आणि हेही ध्यानात ठेवा, यादीत नाव असावे की नसावे हा वाद केंद्राच्या दारात घालायचा नसतो. त्याची जागा यादीचे पुनरीक्षण ही आहे. तेव्हा झोपायचे आणि मतदानादिवशी जागे व्हायचे, याला जागरूकता म्हणत नाहीत.

चुकीची किंमत किती? 2008 साली राजस्थानात नाथद्वारा येथे सी. पी. जोशी एका मताने पराभूत झाले. आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेल्याचे कळल्यावर खऱ्या मतदाराला मतपत्रिकेवर जे मत देता येते, ते प्रदत्त मत. ते वेगळ्या पाकिटात राहते, नेहमीच्या मोजणीत धरले जात नाही. नाथद्वाऱ्याच्या निवडणूक याचिकेत अशाच मतांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

म्हणून माझे एवढेच मागणे आहे. प्रशिक्षणात यंत्र जोडण्याचा सराव होतो, तसाच माणूस ओळखण्याचाही व्हावा. जुने छायाचित्र, सासरचे नाव, मृताच्या नावावर आलेला तरुण, असे प्रसंग उभे करून शिक्षकांकडून निर्णय घ्यायचा सराव करून घ्यावा. कागद पुष्कळांना वाचता येतो. त्या कागदामागचा नागरिक ओळखता आला पाहिजे.